मुरलेले पाय

डब्यात एकशे नऊ गोळ्या होत्या. एकाहत्तर पांढऱ्या, लांबट. अडतीस गुलाबी, गोल. नमिताने सगळ्या पट्ट्या चटईवर मांडून दोनदा मोजल्या. पाच मार्चला तिने रोह्याहून नव्वद पांढऱ्या आणि पंचेचाळीस गुलाबी आणल्या होत्या. पांढरी दिवसाला दोन, गुलाबी एक. आज तेरा एप्रिल, म्हणजे एकोणचाळीस दिवस झाले. हिशेबाने बारा पांढऱ्या आणि सहा गुलाबी उरायला हव्या होत्या. अठरा.

"आई," तिने आतूनच हाक मारली, "बाबा गोळ्या घेत नाहीत?"

हौसा ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने सुपातून डोकं वर काढलं नाही. "मना काय इचारतंस? मी वाढताना हातात देतंय. हातातली गोली तोंडात जाते का खिशात, ते बघाया बसू काय मी? तुझा बाप काय शालेतला पोर हाय?"

नमिताने पट्ट्या पुन्हा डब्यात भरल्या. आईशी वाद घालून तिला आजवर कधी काही मिळालं नव्हतं. ती रोह्याला एका खाजगी लॅबमध्ये कामाला होती. बीएस्सी झाल्यावर वर्षभराचा कोर्स केला आणि तिथेच चिकटली. पेणहून सकाळची गाडी पकडायची, दिवसभर रक्त काढायचं, नळ्यांना नावं चिकटवायची, आकडे उतरवायचे. धाटावच्या कंपन्यांतले कामगार वर्षाच्या तपासणीला तिथे येत. त्यांच्याकडे कामगार विम्याचं कार्ड असायचं आणि त्या कार्डावर त्यांच्या आईबापाच्या साखरेच्या गोळ्याही मिळायच्या. लॅबमध्ये मालक धरून चार माणसं होती. चार माणसांच्या जागी असलं कार्ड मिळत नाही.

शिवा दुपारी मिठागरावरून आला. चौपन्न वर्षांचा, काटक माणूस. नडग्यांवर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती, जणू मोजे घातलेत. त्याने दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं आणि लेकीच्या पुढ्यातला डबा पाहून तो थबकला.

"मोजल्यास काय?"

"एकशे नऊ."

"तू ना बाय, पोलिसात जायाला पायजे व्हतंस." तो हसला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "अगो, साखर बरी झाली माझी. म्हनून नाय घेत. कशाला फुकट पोटात ढकलायच्या? त्या ठेव, हौसाला व्हतील कवातरी."

"साखर अशी बरी होत नाही, बाबा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पायांनी सांगलं."

नमिताला ते नीट उलगडून घ्यावं लागलं. मिठागरावर नवा माणूस आला की पहिला हंगाम त्याचे पाय खारं पाणी चावतं. टाचा फुटतात, भेगांत मीठ जातं, रात्री झोप येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात कातडी जाड होते आणि एक दिवस झोंबणं थांबतं. मग जुनी माणसं म्हणतात, याचे पाय मुरले. मुरलेल्या पायांच्या माणसालाच वाफ्याचा तळ तुडवायला देतात. तळ पायांनी तुडवून दगडासारखा घट्ट केला नाही तर मिठात चिखल येतो आणि व्यापारी नाक मुरडतो. शिवाचे पाय सतराव्या वर्षी मुरले होते. ते सांगताना आजही त्याची मान ताठ व्हायची.

सात वर्षांपूर्वी साखर निघाली आणि हे मुरलेले पाय पुन्हा कच्चे झाले. तळव्यांची आग व्हायची, पाण्यात उतरलं की झोंबायचं. शिवाने ते मिठागरावर कुणाला सांगितलं नाही, त्याला लाज वाटायची. आणि यंदा, दिवाळीनंतर वाफ्यांत पाणी घेतलं तेव्हा, त्याच्या ध्यानात आलं की आग गेली. काहीच झोंबत नाही. पोरगा असताना होते तसे पाय.

"परत मुरले बघ," तो म्हणाला. "आता कसली साखर?"

नमिताने केरसुणीची एक हीर मोडून घेतली आणि म्हणाली, "डोळे मिटा. मी पायाला लावीन. लागलं की सांगा."

"यो काय खेल?"

"मिटा तर खरं."

तिने हीर वाकेपर्यंत टेकवायची असं ठरवलं, म्हणजे दर वेळी जोर सारखा राहील. डाव्या तळव्यावर दहा जागा. शिवा तीनदा म्हणाला, "हां." उजवा तळवा तिने मांडीवर घेतला. हीर टेकवली. पुन्हा टेकवली. पुन्हा.

"लाव की गो," शिवा डोळे मिटून म्हणाला. "का दमलंस?"

अंगठ्याच्या मुळाशी चिंधी बांधलेली होती. पायाच्याच रंगाची झालेली, ओली. तिने ती सोडली. आत रुपयापेक्षा थोडी लहान जखम होती. कडा पांढऱ्या, जाड. मध्ये ओलसर करडं.

"हे कधी झालं?"

शिवाने डोळे उघडले. "ते काय नाय. शिंप लागली. होलीच्या आदी."

"महिना झाला!"

"मना तरी कुठं ठावं व्हतं? वाफ्याच्या कडंला चाललो व्हतो, मागं बघतो तर मिठावर लाल पावलं. मी म्हटलं कोनाचा पाय कापला काय. म्हातारा केरू व्हता पलीकडं, त्याला आवाज देला, 'केरूदा, पाय बघ तुझा.' तो बोलतो, 'माझा नाय रं, तुझाच.'" तो हसायला लागला, पण लेकीचा चेहरा बघून मध्येच थांबला.

"मग दाखवलं का नाही?"

"तूच नाय काय सांगलंस? सहा मे."

*

दाराच्या मागे भिंतीवर खडूने लिहिलेली ती तारीख तीन वर्षं तिथेच होती. हौसा दर दिवाळीला भिंत सारवायची आणि तेवढी जागा सोडायची.

ती तारीख नमितानेच लिहिली होती. लॅबमध्ये लागल्याच्या पहिल्याच वर्षी तिने आईबाबांची आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. रोहा स्टेशनजवळ नावेदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानातच तो विम्याची एजन्सी चालवायचा. फॉर्मवर साखर लिहायची की नाही यावरून दोघांत थोडी बोलाचाली झाली होती. ती म्हणाली होती, "लिहा." तोही म्हणाला होता, "लिहिणारच. लपवलं तर उद्या एक पैसा देत नाय ते." मग त्याने समजावलं की जुना आजार आहे म्हणून त्याच्यासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. बाकी काही झालं, पाय मोडला, डेंगी झाला, तर आजपासून. साखरेचं आणि साखरेतून जे निघेल त्याचं तीन वर्षांनी.

घरी येऊन नमिताने बाबांना ते सांगितलं होतं आणि सांगताना थट्टेने म्हणाली होती, "तीन वर्षं आजारी पडायचं नाय, बाबा. सहा मे दोन हजार पंचवीस. त्यानंतर काय पडायचं ते पडा."

शिवाला ते लगेच पटलं होतं. मिठाचंही असंच असतं. वाफ्यात पाणी घेतलं की दिवस भरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर साय धरली म्हणून कोणी घाईने फावडं घातलं तर ती साय खाली बसते आणि सगळं पुन्हा पाणी होतं. वर्षाचा हप्ता बावीस हजारांचा होता. लेकीने तीन वर्षं दीड-दोन महिन्यांचा पगार दर मे महिन्यात त्यात ओतलेला त्याने पाहिला होता. आता काठावर येऊन त्यात फावडं घालणारा तो नव्हता.

"तेवीस दिवस ऱ्हायले," तो म्हणाला. "मी मोजतंय. तूच एकली मोजतंस काय?"

तिने त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्राने तीनशे बारा दाखवले.

*

संध्याकाळी तिने नावेदला फोन केला. जखमेचं सगळं सांगितलं.

"बघ नमिता," तो म्हणाला, "खरं सांगू? आज अ‍ॅडमिट केलंस तर ते तुझ्या खिशातून. सहा तारखेनंतर अ‍ॅडमिट केलंस तर कंपनी बघेल. पण कागद मागतील. कधी लागलं, कुठे दाखवलं, सगळं."

"म्हणजे आज कुठे दाखवलं आणि कागद झाला तर..."

"तर ते विचारतील, प्रश्न काढतील. देतील पण, नाय असं नाय. मी सांगू शकत नाय." मग तो घाईने म्हणाला, "पण मी तुला थांब म्हणत नाय हां. माझ्यावर नको घेऊ ते. पाय आहे, दाखव."

"आणि गोळ्या, ड्रेसिंग? दाखल न होता?"

"ते कशातच नाय. माझ्या अम्मीचं बघ ना. भाऊ मुआज कुवेतहून पैसे पाठवतो म्हणून तिच्या गोळ्या चालतात. घरात एजंट आहे, पॉलिसीतून एक गोळी येत नाय. माणूस आडवा पडल्यावरच पॉलिसी उभी राहते."

सोमवारी सकाळी ती गाडी न पकडता पेणमध्ये रामवाडीला गेली. तिथल्या एका सर्जनच्या दवाखान्यात तिने केसपेपर काढला नाही. फोनमधला फोटो दाखवून, ओळखीच्या कुणाचा तरी पाय आहे म्हणून विचारलं. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला.

"फोटोवरून पायाचं काही कळत नाही. आत किती गेलंय ते सळई घालून बघावं लागतं. त्यांना आजच आणा."

बाहेरच्या काउंटरवर तिने खर्च विचारला. बाई चांगली होती. तिने आवाज खाली करून सांगितलं. आठ-दहा दिवस ठेवतील, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं, रोज ड्रेसिंग. साठ-सत्तर हजार धरून चला.

"सरकारी योजनेत?"

"ऑपरेशन लागलं तर बसेल, त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवू. नुसत्या इंजेक्शन-ड्रेसिंगला नाय बसत, ताई."

नमिता बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या खात्यात अकरा हजार चारशे होते आणि सहा मेला बावीस हजारांचा हप्ता होता. समोरून हायवेला लागणाऱ्या गाड्या जात होत्या. एक मन सांगत होतं, उठ, आण, पुढचं पुढे. दुसरं मन तिच्या सवयीचं होतं. ते म्हणालं, आधी मोजू.

तिने तिथेच बसून नियम ठरवला. जखम रोज मोजायची. कुठल्याही बाजूने दोन मिलिमीटर वाढली, किंवा ताप शंभरच्या वर गेला, तर त्याच क्षणी दाखल करायचं, पॉलिसी गेली खड्ड्यात. तोपर्यंत गोळ्या, स्वच्छ ड्रेसिंग, पायावर भार नाही. नियम ठरला की तिला धीर यायचा. आताही आला.

*

मिठागराचा ऐन हंगाम होता. शिवाला बांधावर छत्री देऊन बसवलं आणि हौसा त्याच्या जागी उतरली. तो बसून हुकूम सोडायचा.

"अगो, कडंला वड, मधी नको! चिखल येल वर!"

"तोंड मिटा आनि बसा गप," हौसा पाण्यातून ओरडायची. "पाय बसलेत, जीभ नाय बसली तुमची."

शेजारच्या वाफ्यातली गिरजाबाई हसून फावडं टेकायची. "हौसे, नवऱ्याला काय पगारी सुट्टी देलीस काय गो? धाटावच्या कंपनीवानी?"

"व्हय तर. सायेब झालाय माझा."

संध्याकाळी गाडीतून उतरून नमिता घरी येईपर्यंत दिवे लागलेले असायचे. ती हात धुवायची, लॅबमधून आणलेले हातमोजे घालायची, सलाइनने जखम धुवायची. मग उकळलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर जखमेची कड पेनने उतरवायची आणि तो तुकडा आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायची. रोह्यातल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून तिने जंतूंवरच्या गोळ्याही आणल्या होत्या. चिठ्ठी नव्हती, त्याने मागितली नाही.

चौदा एप्रिल: दोनशे अडतीस चौरस मिलिमीटर. सतरा: दोनशे चौदा. एकवीस: एकशे सदुसष्ट.

"किती?" शिवा दर वेळी विचारायचा.

"एकशे सदुसष्ट."

"परवा किती व्हती?"

"जास्त होती."

"मग!" तो हौसाकडे बघायचा. "लेक शिकलेली असली म्हंजे असं. डाक्तर काय येगलं करतो?"

पंचवीस तारखेला आकडा शहाण्णववर आला. साखरही एकशे अठ्ठ्याण्णव झाली होती. नमिता कागदावरच्या उतरत्या रेषेकडे बघत राहिली. रेषा इतकी सुरेख उतरत होती की पट्टी लावून पुढे ओढली तर तीन मेच्या आसपास शून्याला टेकत होती. पॉलिसीची गरजच पडणार नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

जेवणं झाल्यावर हौसा मोरीत भांडी घासत होती. तिने लेकीला आत बोलावलं.

"वास येतो," ती म्हणाली.

"कसला?"

"त्यांच्या पायाचा."

"सुकट आहे ना घरात, आई. दोन टोपल्या भरल्यात."

"घरात सुकट हाय म्हनूनच तुना कलत नाय. मी सुकटीचा वास चालीस वर्षं घेतंय. यो सुकटीचा नाय."

"जखम अर्ध्याहून कमी झाली, आई. मी मोजलंय. ताप नाय, सूज नाय."

"मोजलंस तू. मी नाय बोलतंय काय?" हौसाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पन वास येतो. उद्या न्येऊ."

"अकरा दिवस राहिले, आई. आणि काही असतं तर वाढली असती ना?"

हौसाने तिच्याकडे बघितलं. आपण शिकलो नाही आणि ही शिकली, याचा तिला रोज अभिमान वाटायचा. तिने राख घेतली आणि पातेलं पुन्हा घासायला लागली.

एकोणतीस तारखेला नमिताने चौकोन मोजले. एक्केचाळीस.

*

तीस एप्रिलला पहाटे शिवाला हुडहुडी भरली. थर्मामीटरवर एकशे दोन होतं. नमिताने पट्टी सोडली. जखमेचं तोंड बारीक, जवळजवळ मिटलेलं, अगदी आलेखावर होतं तसं. पण पाऊल वरून तांबडं आणि चमकदार झालं होतं आणि घोट्यापासून नडगीवर एक लाल रेघ चढली होती. तिने घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. बाबांनी हूं की चूं केलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी, त्या बारीक तोंडातून, करडं पाणी आलं.

तो वास आता तिलाही आला.

रिक्षाने रामवाडी. तेच डॉक्टर. त्यांनी तिला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही बोलले नाहीत. त्यांनी बारीक बोथट सळई जखमेच्या तोंडातून आत सरकवली. ती थांबेचना. शेवटी कशाला तरी टक्कन टेकली. शिवा छताकडे बघत होता.

"हाड," डॉक्टर म्हणाले. "किती दिवस झाले?"

नमिताने पिशवीतून आलेखाचे कागद काढून दिले. डॉक्टरांनी एकेक पान पाहिलं. तारखा, कडा, चौकोनांची बेरीज.

"फार व्यवस्थित काढलंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर तिला बरं वाटलं असतं. "वरचं तोंड मिटत होतं. आतली घाण बाहेर यायची वाट बंद होत गेली, मग ती खाली पसरली. हे वरून मोजून कळत नाही."

मग गाडी, नवी मुंबईतलं मोठं धर्मादाय रुग्णालय, रेशनकार्ड, आधार, अंगठ्याचा ठसा. ऑपरेशन योजनेत बसलं. दोन मे रोजी सकाळी शिवाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. त्याचा एक रुपया लागला नाही. काउंटरवरच्या मुलाने ते तिला चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं आणि ती "थँक्यू" म्हणाली.

दुपारी एका कर्मचाऱ्याने पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं आणि विचारलं, नेणार का, की इथेच विल्हेवाट लावू. हौसाने हात पुढे केले. नमिता म्हणाली, "आई, नको." हौसा म्हणाली, "चालीस वर्षं त्यानं पोसलं आमाला," आणि तिने ते मांडीवर घेतलं. मिठागरावरचा काळुराम टेंपो घेऊन आला होता. ती त्याच्याबरोबर गावी गेली आणि संध्याकाळी परत आली. कुठे ठेवलं ते तिने सांगितलं नाही.

वॉर्डात दिवस एकसारखे जात होते. सहा तारीखही तशीच आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांचं तोंड पुसत होती, तेव्हा त्याने विचारलं, "आज किती तारीख गो?"

"सात."

"मे?"

"मे."

तो थोडा वेळ हिशेब करत राहिला. औषधांच्या गुंगीत त्याला आकडे पकडायला वेळ लागत होता.

"म्हंजे झाली ना तारीख?"

"झाली."

"हप्ता भरलास काय?"

"काल रात्री नावेदभाईंनी भरला. मी नंतर देणार त्यांना."

"मग आता चालंल तो कागद?"

"चालेल, बाबा. आता सगळं चालेल."

शिवाने मान हलवली. ओठ सुकलेले होते, तरी तो हसला. "बघ. मी नव्हतो सांगत? दिवस भरू देले. तुझं पैसं नाय फुकट घालवलं मी."

नमिताच्या हातातला ओला रुमाल तसाच राहिला. तिने तो बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस नर्सला हाक मारत होता. तिला बाबांना सांगायचं होतं की त्या दिवशी, रामवाडीच्या त्या बाकावर, ती उठू शकत होती. हौसाने वास येतो म्हटलं त्या रात्रीही उठू शकत होती. ती सांगणारच होती. पण त्याच्या तोंडावर काम चोख केल्याचं समाधान होतं, आणि ते काढून घेतलं तर त्याच्याकडे दुसरं काय उरेल, ते तिला दिसेना.

"नाय घालवलंत," ती म्हणाली.

*

पावसाळा घरात गेला. नमिताने पुन्हा गाडी धरली. लॅबमध्ये ती आता साखरेचा आकडा जास्त असलेल्या माणसाला रिपोर्ट देताना म्हणायची, "पायतण काढा जरा." काही जण काढायचे, काही जण तिच्याकडे विचित्र बघून निघून जायचे. एकदा धाटावचा एक कामगार चिडला, "ताई, रक्त दिलंय, पाय कशाला बघता?" तिने माफी मागितली आणि तरी पाहिले.

नावेदचे पैसे ती महिन्याला दोन-दोन हजार करून फेडत होती. तो घ्यायला लाजायचा. एकदा म्हणाला, "मी तेव्हा जोरात बोलायला हवं होतं." ती म्हणाली, "तुम्ही बोलला होतात." तिने त्या महिन्याचे दोन हजार मोजून काउंटरवर ठेवले.

शिवा कुबड्यांवर ओटीपर्यंत यायचा. हौसाने यंदा आपल्या नावावर वाफे घेतले होते. पाणी घ्यायच्या आधी तळ तुडवायचा होता आणि तो ती गिरजाबाईबरोबर तुडवत होती. शिवाला तिथे न्यायचं नाही असं तिने सांगून टाकलं होतं. तोही मला ने म्हणाला नाही.

ऑक्टोबरात ते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गेले. अपंगत्वाचा दाखला मिळाला तर एसटीला सवलत होती आणि कृत्रिम पायासाठी अर्ज करता येणार होता. सकाळी सातपासून रांग होती. शिवाच्या पुढे सतरा माणसं होती, नमिताने मोजली. एक वाजता नंबर लागला.

आत टेबलामागे तरुण डॉक्टर होते, शेजारी लिहून घेणारी मुलगी. त्यांनी शिवाला बाकावर बसवलं, पँटची घडी वर केली आणि मोजायचा टेप हातात घेतला.

"टेप आनलाय म्हंजे," शिवा म्हणाला, "कापडं शिवनार काय सायेब? दिवाली आलीय."

मुलगी हसली. डॉक्टरही हसले. "शिवू की काका. एका पायाचं कापड वाचेल."

"तेवढाच फायदा."

हौसा दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला. नमिता बाबांच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. त्याची हाडं हाताला लागत होती. डॉक्टरांनी गुडघ्याचा सांधा बोटाने चाचपला, तिथे टेपचं टोक धरलं आणि उरलेल्या पायाच्या टोकापर्यंत तो सरळ ओढला. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"लिहा," ते म्हणाले. "उजवा. चौदा सेंटिमीटर."